चुकोचा बाण

चौघांनी वाहून आणलेलं कुडू हरीण काटेरी झाडाच्या सावलीत पडलं होतं. सगळी वस्ती भोवती बसली होती, पण अजून कोणी त्याला हात लावला नव्हता.

म्हाताऱ्या दामने हरणाच्या बरगडीतला बाण उपसून वर धरला. "काय हे मरतुकडं आणलंस, देबे? नुसती हाडं," शिकाऱ्याला गर्व चढू नये म्हणून तो रीतीप्रमाणे म्हणाला. "बाण कोणाचा?"

मारायचं एकाने, बाण दुसऱ्याचा. मांस बाणवाल्याचं आणि वाटायचं त्यानेच. देबेच्या भात्यात लोकांकडून मागून आणलेले पाच बाण होते. चार पौर्णिमा तसाच पडून असलेला सहावा नेमका हाताला लागला होता.

"चुकोचा," देबे म्हणाला. चुको त्याची बायको.

दामने बाण खाली ठेवला. "ती गेली रे, बाबा."

"मग मी वाटतो. तिची पद्धत मला ठाऊक आहे."



"मारलंस तू, वाटणारही तूच," कुमसा म्हणाला. "उद्या पाणी कुठं भरायचं तेही सांग. आम्ही आपले रांगेत उभे राहतो."

दोघं-तिघं हसले.

"मला मोठेपणा नकोय."

"कोणालाच नको असतो," दाम म्हणाला. "पण आज तुझ्या हातचं खाल्लं, की उद्या भूक लागल्यावर तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल. इथं कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही."

मांसावर माशा बसू लागल्या. देबेला मोठं व्हायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, तिच्या जागी बसून तिच्यासारखं वाटायचं होतं.

कुमसाची बायको उठली. तिचंही नाव चुको. नाव एक असलं की नातंही एक, म्हणून ती कित्येक वर्षं देबेला सगळ्यांसमोर नवरा म्हणून चिडवत आली होती. तिने बाण उचलला.

"सरक, नवऱ्या. माझं नाव, माझा बाण."

"तुझं नुसतं नाव आहे."

"मग माणसामागं दुसरं काय राहतं रे?" ती म्हणाली. चिडवल्यासारखं नाही म्हणाली. "पुढच्या खेपेला बाण हवा असला तर माझ्याकडं मागायला ये."

देबे सरकला.

ती वाटायला बसली. तिचं सगळंच वेगळं होतं. त्याची चुको आधी मांडी काढायची, हिने पाठीपासून सुरुवात केली. देबेने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मांस एकेका चुलीकडे गेलं, तिथून आणखी पुढे गेलं. कोणी कोणाला विचारत होतं, कोणी सांगत होतं, चुकोने दिलं.

देबे आपला वाटा घेऊन झोपडीशी आला. तिथे त्याची आंधळी आजेसासू बसून होती.

"कोणी दिलं रे?"

देबेने मांस तिच्या पुढ्यात ठेवलं. "चुकोनं."

म्हातारीने मांस चाचपलं. सगळ्यात वर ठेवलेला काळजाचा मऊ तुकडा तिच्या बोटांना लागला. तो तोंडात टाकून ती बराच वेळ हिरड्यांनी चघळत राहिली.

"मला दात नाहीत," ती म्हणाली, "हे तिच्या बरं लक्षात असतं."