मापांची वही

अपील न्यायालयानेही आईचं शिलाई मशीन धाकटीलाच दिलं, तेव्हापासून थोरली तिच्यावर आतल्याआत जळत होती. “फेरविचाराचा अर्ज कराच,” ती वकीलबाईंना म्हणाली, “आईची सगळी माया त्या लाडोबाईनेच लाटली!” “ताई, त्याला नवा पुरावा लागतो, नुसता जळफळाट चालत नाही.” थोरलीने आईची मापांची वही पुढे सरकवली. माळ्यावर सापडली, पहिल्याच पानावर आपलं नाव दिसलं, तशी ती धावत आली होती. वकीलबाईंनी पानं उलटली. दर वाढदिवसाला थोरलीचंच माप होतं, धाकटीचं एकही नव्हतं. “तिचे कपडे?” “माझेच जुने घालायची,” म्हणताना थोरली अडखळली. शेवटच्या पानावर थरथरतं अक्षर होतं: ‘धाकटीला कधी नवं शिवलं नाही, निदान मशीन तिला.’ “हे जोडू अर्जाला?” थोरलीने कोऱ्या पानावर धाकटीचं नाव लिहिलं. “अर्ज राहू द्या. आधी हिचं माप घेते.”