सरकलेले भोवरे

“काका, यंदा सात भोवरे सरकलेत. पुन्हा जागेवर बसवते,” जतनकेंद्रातली शर्वरी म्हणाली.

घारपुरेकाकांच्या दिवंगत पत्नीचा आवाज तिथे अतिवाहकाच्या (सुपरकंडक्टरच्या) पातळ थरात, ओळीने कोरलेल्या खळग्यांत बसवलेल्या सूक्ष्म चुंबकी भोवऱ्यांच्या रूपात साठवलेला होता. कितीही गोठवलं तरी एखादा भोवरा मधल्या भिंतीतून आरपार जाऊन शेजारच्या खळग्यात बसायचाच.

“आधी ऐकव तरी.”

“अहो...” आवाज थबकला. काकांनी मान वर केली. मग शब्द आले, “जेवलात का?”

“मधे ही फट पडलीय बघा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये नाहीये ती.”

“राहू दे गं. त्या दिवशी यंत्राला बिचकून ती सगळं एका दमात बोलली होती. घरी मात्र ‘अहो’ म्हणून थांबायची, मी मान वर करेपर्यंत.”