स्वच्छ हवा

पबमध्ये सिगारेटला बंदी यावी म्हणून नूलाबाईंनी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरभर सह्या गोळा केल्या होत्या. बंदी आली. आता नवरा फिंटन दर अर्ध्या तासाने अर्धा ग्लास पुठ्ठ्याच्या चकतीने झाकून सिगारेट ओढायला बाहेर जाई, पाठोपाठ शेजारची डर्व्हलाही. नूलाबाई आत दोघांचे ग्लास राखत, बाहेरचं हसणं ऐकत बसत.

"बाई, तुमच्यामुळे हवा स्वच्छ झाली हो!" दारू ओतणारा त्यांचा जुना विद्यार्थी म्हणाला.

आज फिंटन वीस मिनिटांनी आत आला.

"एका सिगारेटला एवढा वेळ?"

"एक कुठली? चांगल्या तीन ओढल्या!"

नूलाबाईंनी त्याच्या कोटाला नाक लावलं. ज्या वासावरून त्या तीस वर्षं भांडल्या, तो आज नव्हताच.