जांभळे नट

“चाकांचे ते काळे नट काढा आणि हे लावा,” गाडीमालक म्हणाला आणि त्याने डबी टेबलावर आपटली.

डबीत जांभळे नट होते. चॉकलेटच्या कागदासारखे चकचकीत, वजनाला काहीच नाही.

मिस्तरीने एक उचलून आतल्या आट्यांवरून बोट फिरवलं. “साहेब, हे शोभेचे आहेत. चाक धरून ठेवायला लोखंडच लागतं.”

“शोभेसाठीच गाडी घेतलीय मी. भाजी आणायला नाही.”

“बरोबर आहे,” चाकं बॅलन्स करायच्या मशीनमागून मिस्तरीची बायको म्हणाली. “टोपी झकास पाहिजे. खाली डोकं असलं काय नि नसलं काय.”

“मिस्तरी, बाईंना सांगा, गाड्यांतलं बायकांना कळत नाही.”

“मला एवढंच कळतं, चाक वाकडं फिरतंय की सरळ. माणसाचं कळायला जरा वेळ लागतो.”

मिस्तरीने तिच्यावर डोळे वटारले. ती गप्प बसली, पण बोलून झाल्यावर.

चाकाचं मात्र तिला खरंच कळायचं. फिरत्या चाकातला केसाएवढा डोल तिला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. मशीन तो नंतर दाखवायचं. सगळं गॅरेज त्या डोळ्यांवर चाललं होतं. पाटीवर अर्थातच नवऱ्याचं नाव होतं.

त्या नावाची मध्यंतरी माती झाली होती. सकाळी त्यांच्या गॅरेजमधून गेलेल्या एका गाडीचं चाक संध्याकाळी भर बाजारात निखळलं. वाटेत पंक्चरवाल्याने नट अर्धवट आवळले होते, पण ते कोण ऐकतंय? गावाला एक नाव पुरतं, आणि गरिबाचं नाव स्वस्त पडतं. तेव्हापासून लोक त्याला ‘चाकउड्या’ म्हणत. गाड्या उचलायची लिफ्ट रिकामी राहू लागली. कामावरची माणसं एकेक करून गेली. उरली नवरा-बायको.

अशात ही बुटकी, पिवळी, मस्तवाल गाडी दारात आली. तिचा मालक अशा गाड्या उडवणाऱ्यांच्या ग्रुपचा म्होरक्या होता.

“काम आवडलं तर अख्खा ग्रुप तुमच्याकडे पाठवीन,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. “नाही आवडलं, तर तुमचं नाव गाजलेलं आहेच.”

मिस्तरीने जीव ओतला. ब्रेकच्या कंपनीच्या लहान डिस्क काढून ताटाएवढ्या मोठ्या बसवल्या. त्यांना धरणारे लाल जबडे जुन्या चाकात मावेनात, म्हणून मोठी चाकं घातली. ती बायकोने एकेक करून बॅलन्स केली. मग त्याने रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून, दाबून, पुन्हा पळवून, पुन्हा दाबून नव्या ब्रेकला धार आणली.

“भिंतीला लागल्यासारखी थांबते गं,” परत आल्यावर तो म्हणाला होता. “माझे डोळे बाहेर पडायचेच बाकी होते.”

“पडू द्यायचे. बॅलन्स करून परत बसवले असते.”

सगळं असं जमून आलं होतं, आणि आता हे जांभळे नट.

त्याने ते लावले. न लावून सांगतो कोणाला?

“साहेब, एक चक्कर मारून आणतो. गाडी चालली की नट बसतात, मग पुन्हा आवळावे लागतात.”

“मला वेळ नाही. ग्रुप वाट बघतोय.”

पिवळी गाडी गुरगुरत गेटबाहेर पडली. मिस्तरीचा चेहरा उतरला.

“चाक निघालं तर संपलो आपण.”

“आणि तो?”

“तोही.”

“क्रम कळला, बरं झालं.”

“थट्टा नको. स्कूटर काढ. हायवेपर्यंत ट्रॅफिक आहे, तो रांगतच जाणार. मागून चाकं बघ. सिग्नलला शेजारी जाऊन पुढची बघ. जरा जरी डुललं तर हॉर्न मार, ओरड, थांबव त्याला.”

“तुम्ही का नाही जात?”

“मला दिसत नाही ते तुला दिसतं.”

एवढ्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला होता. ती हसली. “हे पाटीवर लिहा.”

तिने हेल्मेट चढवलं.

“लांबून कळायचं नाही हं,” तो मागून ओरडला. “चिकटून राहा!”

मग तो पुसलेले पाने पुन्हा पुसत बसला. कान फोनकडे होते. वाजला तसा त्याने झडप घालून उचलला. गाडीमालकाचा फोन होता.

“मिस्तरी! अहो, काय ब्रेक आहेत!”

“चाकं? नट?”

“ढिम्म! हायवेच्या तोंडाशी वेग घेतला, तेवढ्यात कुत्रं आडवं आलं. मी नुसता पाय ठेवला, गाडी जागच्या जागी! कुत्र्यालासुद्धा पटेना. बाईंना सांगा, जांभळे नट टिकले म्हणावं. ग्रुपवर टाकलंय मी. उद्यापासून रांग लागेल तुमच्या दारात.”

मिस्तरी जमिनीवरच बसला. बऱ्याच दिवसांनी त्याला मोकळं हसू आलं. “सांगतो साहेब. ती आली की लगेच सांगतो.”

“फक्त मागचा बंपर तेवढा बघावा लागेल. कोणी स्कूटरवाली येऊन आदळली. हेल्मेटचा चुरा झाला, उठली नाही बहुतेक. मी काही उतरलो नाही. लोक जमले की आपल्यालाच धरतात. पण तुम्हीच सांगा मिस्तरी, चूक कोणाची? इतकं चिकटून चालवतं का कोणी?”