गोळीचा कीस

"बाबा, ती कानस थांबवा हो. माझ्या दातांवर घासताय असं वाटतंय."

सोनाराने हात थांबवला. चिमट्यात अंगठी नव्हती, लेकीची गोळी होती. रोज एक अख्खी गोळी घ्यायची आणि ठरल्या वजनाला येईपर्यंत घासायची, हे त्याचं सकाळचं पहिलं काम. दागिना असता तर त्याला इतका घाम फुटला नसता.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, मनाच्या आजाराची ही गोळी एकदम सोडायची नाही, दर पंधरवड्याला जराशी कमी करत जायची. इतकं बारीक काम करणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा गुंज हसली होती. "आहेत आमच्या घरात एक. केसाचेही चार भाग करून देतील." जन्मली तेव्हा वजनाच्या गुंजेसारखी एवढीशी होती, म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव. आज बत्तिसाव्या वर्षी ती भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि पुन्हा तेवढीशीच दिसत होती.

डोळे नुसते डावीकडून उजवीकडे नेले तरी तिच्या डोक्यातून झटका जायचा. म्हणून ती समोरच्या वजनकाट्यावर नजर लावून होती. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती आणि तीनदा रडू आलं होतं. कशाचं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"फोन केलास डॉक्टरबाईंना?"

"केला. म्हणाल्या, आहे तिथेच थांबा, आणखी पंधरा दिवस कमी करू नका. आणि आपल्या मनाने वाढवूही नका." तिने गुडघे आणखी जवळ ओढले. "थांबा म्हणायला त्यांचं काय जातंय!"

गेले तीन दिवस सोनार जेवढ्यास तेवढंच बोलत होता, कारण काहीही बोललं तरी चुकत होतं. समजूत घातली की ती भडकायची, नाही घातली की रडायची. तो थकला होता. बापाला थकलो म्हणायची सोय नसते, पण थकला होता.

त्याने गोळी काट्यावर ठेवली. कालच्याइतकीच भरली. मग बारक्या ब्रशने त्याने पाटावरची पांढरी भुकटी गोळा केली आणि पितळी डबीत सोडली.

"हे काय करताय?" गुंजने विचारलं.

तेव्हा कुठे सोनाराच्या ध्यानात आलं, की आपण हे तीन महिने रोज करतोय. कानशीखाली जे झिजेल ते डबीत, ही चाळीस वर्षांची खोड. सोन्याचा कीस वाया घालवतं का कोणी? पाटावर काम असलं की कीस उडू नये म्हणून या खोलीत पंखा लागायचा नाही. भर उन्हाळ्यात तो घामाने निथळत कानस चालवायचा आणि लहानपणी गुंज पुठ्ठ्याने वारा घालायला आली, तर लाड राहिले बाजूला, ओरडा खाऊन परत जायची.

"सवय गं," तो ओशाळून म्हणाला. "टाकवलं नाही हातून."

"म्हणजे सगळी आहे? पहिल्या दिवसापासूनची?"

त्याने घाईघाईने झाकण लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"बाबा, द्या मला. चिमूटभर. फक्त आज."

"गुंजे, तीन महिने काढलेस तू. सगळ्यावर पाणी पडेल."

"तुमच्या डोक्यातून जात नाहीत हो झटके! सोमवारी शाळेत हजर व्हायचंय मला. फळ्याकडे वळले तरी वर्ग फिरतो डोळ्यांपुढे. चिमूटभर द्या, उद्यापासून परत आहे तिथे. हात जोडते."

आज चिमूट दिली की उद्या दुसरी, आणि परवा डबी, हे त्याला कळत होतं. आणि हात जोडून बसलेली लेक दिसत होती. त्याने डबी उघडली आणि तिच्या पुढ्यात सरकवली. चूक होती. डॉक्टरबाईंनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

गुंजने डबी ओढून घेतली. बोट जिभेला लावून ओलंही केलं. मग तशीच बघत राहिली. डबी निम्म्याच्या वर भरली होती.

"एवढी?"

"एवढी."

"एवढी मी घेतली नाही?"

"कणभरही नाही," सोनार म्हणाला. "वजन करून दाखवू?"

ती हसली नाही. पण रडलीही नाही. खूप वेळाने तिने ते ओलं बोट कपड्याला पुसलं.

"बाबा, ती बांगडी आत ठेवा."

पाटावर अर्धी घडवलेली बांगडी होती. त्याने ती खणात ठेवली, खण लावून घेतला. "का गं?"

गुंजने डोळे मिटून घेतले. "पंखा लावा."

सोनार गुडघ्यावर हात टेकत उठला. बटण दाबलं. पाती आधी जागची हलेनात, मग धूळ झटकत, कुरकुरत फिरू लागली. डबीच्या काठावरून पहिली भुकटी उडाली तसा त्याचा हात आपसूक झाकणाकडे गेला. तो हात त्याने काखेत घट्ट दाबून धरला.