पाइपातली हवा

कॉम्प्रेसरच्या हेडचे नट सगळे निघाले, पण हेड जागचं हलेना. सूर्यभान मिस्तरीने लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हलकेच ठोकलं. मग फटीत पटाशी घालून तिरपी केली. हेड सुटलं आणि जळक्या तेलाचा वास शेडभर झाला.

"काय घालत होता हो ह्याच्यात? भज्यांचं उरलेलं तेल?"

"ट्रॅक्टरचंच. आदी ट्रॅक्टरला वापरायचं, मंग काढून ह्येला." रंगनाथ पालथ्या डब्यावर बसला होता. "त्येला काय जीभ हाय का चव घ्यायला?"

मिस्तरी हसला.

ट्रॅक्टरच्या मागे बसवलेला हा कॉम्प्रेसर विहिरीचा खडक फोडायच्या कामाचा. त्याच्या हवेवर ड्रिल चालायचं आणि ड्रिलच्या भोकात सुरुंग भरायचे. रंगनाथ आणि त्याचा थोरला भाऊ कल्याण, दोघांनी मिळून तो घेतला होता. कल्याण विहिरीच्या तळाला, रंगनाथ वर ट्रॅक्टरवर, अशी त्यांची वाटणी. गेल्या महिन्यात कल्याण विहिरीतच गेला. सुरुंगाचा धूर निवळायच्या आत तो खाली उतरला आणि धूर लागला, एवढं मिस्तरीच्या कानावर होतं. आता खर्ड्याकडच्या एका विहिरीचं काम रंगनाथने बोलून ठेवलं होतं. या खेपेला तळाला तोच उतरणार होता. त्याआधी कॉम्प्रेसर नीट करायचा म्हणून त्याने तो नागापूरला आणला.

मिस्तरीने पिस्टन काढून डिझेलच्या परातीत बुडवला. रिंगा खाचेत चिकटून बसल्या होत्या, नखाने हलेनात. म्हणजे तेल वर चढत होतं. मग त्याने व्हॉल्व्हची प्लेट घेतली आणि तारेचा ब्रश मारायला लागला. हवा आत घेणारी बाजू लवकर उजळली. हवा बाहेर सोडणाऱ्या बाजूला काजळीचा जाड थर होता, डांबरासारखा. खरवडला तर आतून राखाडी पूड निघाली. त्याने ती बोटांत चोळून पाहिली. हवा बाहेर नेणारा लोखंडी पाइप उजेडाकडे धरून आत डोकावला. पाइप आतून तापून निळा पडला होता.

"नुसती काजळी नाही ही," तो म्हणाला. "आत जळत होतं. तेल पेटायचं आणि त्याचा धूर हवेबरोबर पाइपात जायचा."

"तरीच ड्रिल रेटत न्हवतं."

"ड्रिलला काय, धूर दिला तरी ते चालतंय."

"आन् आमचं कसं चालायचं?" रंगनाथ म्हणाला. "सुरुंग उडाला का आमी ह्येचाच रबरी पाइप हिरीत सोडतो. खालचा धूर मारून काढायचा, मंग उतरायचं. त्या दिशी दादाला दम निघाला न्हाई. खाली गेला आन् मटकन बसला. मी दोराला धरून खाली गेलो. त्योच पाइप त्येच्या तोंडाला लावला. आमचा गडी बजरंग वर ट्रॅक्टरवर हुता, त्येला वरडलो, रेस वाढीव, हवा लई सोड. म्हनलं, जरा हुशारी येऊ दे, मंग दोराला बांधून वर घेऊ. समदे तसंच करत्यात. पर हुशारी आली न्हाई."

ब्रश थांबला होता. रंगनाथचं तिकडे लक्ष नव्हतं.

"वहिनी म्हनती, भावजी, तुमी शेवटपातूर हवा दिली, सख्ख्या आईनं बी एवढं केलं नसतं. तेवढ्यावर झोप लागती बगा मला."

मिस्तरीने प्लेट परातीत ठेवली. डिझेल काळं झालं. आणखी थोडा ब्रश मारला असता तर प्लेट नव्यासारखी निघाली असती. काजळी परातीबरोबर बाहेर फेकली गेली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. पण हा माणूस आता स्वतः तळाला उतरणार होता, आणि त्यालाही कुणीतरी हाच पाइप देणार होतं.

"रंगनाथराव," तो म्हणाला, "ह्या मशीनची हवा तोंडाला लावायची नाही. कधीच नाही. जळक्या तेलाच्या धुरात विष असतं. सुरुंगाच्या वासात त्याचा वास कळत नाही. कुणी खाली बसला तर आधी दोर बांधायचा आणि वर घ्यायचा. मोकळ्या हवेत."

रंगनाथने परातीतल्या प्लेटकडे पाहिलं. शेजारच्या कारखान्यातला प्रेस धाडधाड चालला होता.

"कवापासनं जळत आसंल?"

मिस्तरीने फडक्याला हात पुसले. पुसलेले हात परत पुसले.

"ताजंच दिसतंय," तो म्हणाला. "पंधरा दिवसांतलं असेल. महिन्यापूर्वीचं नाही हे."

"दादा गेल्यापासनं म्या ह्यो चालूच केला न्हाई, मिस्तरी."

रंगनाथ डब्यावरून उठला. परातीपाशी आला, वाकला, पण प्लेटला हात लावला नाही. तसाच वाकलेला राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका हळू होता की मिस्तरीला जवळ सरकावं लागलं.

"दादा तोंड फिरवीत हुता. हातानं पाइप लोटत हुता. मला वाटलं, धूर डोस्क्यात गेलाय, त्येला कळंना. म्हनून मी त्येचे दोनी हात गुडघ्याखाली दाबून धरले."