साठ वर्षांचं मूत्रपिंड

मुलांनो, अशी शाळा डोळ्यांसमोर आणा, जिथे लघवीच्या थेंबावरून मूत्रपिंडाचं वय कळतं. काहींच्या जनुकांमुळे साध्या जुलाबानंतरही मूत्रपिंडावर वण पडतात आणि ते लवकर म्हातारं होतं.

जुलाबातून उठलेल्या शाल्मलीला खो-खोचा संघ सोडायचा नव्हता; मूत्रपिंड म्हातारं निघालं तर तिचा खेळ बंद होणार होता. तिने आपल्या आणि धाकट्या बहिणीच्या, कृत्तिकेच्या, लघवीच्या बाटल्यांवरची नावं गुपचूप बदलली.

"कृत्तिका, तुझं मूत्रपिंड साठ वर्षांचं झालंय गं," नर्सबाई म्हणाल्या. "वण थांबवणारी सुई आत्ताच घ्यायला हवी."

"ताई, म्हणजे मी आजी झाले?" कृत्तिका हसली, पण तिने शेजारी उभ्या शाल्मलीचा हात घट्ट धरला.

ती सुई निरोगी मूत्रपिंड निकामी करते, हे शाल्मलीला ठाऊक होतं. सुई दंडाजवळ येताच तिने कृत्तिकेला मागे ओढलं आणि स्वतःची बाही वर केली.